विकत घेतलेलं पुस्तक आणि भाड्याचं पुस्तक : टाळेबंदीत विद्यापीठ ग्रंथालयांचं काय झालं



आजचा विषय जरा कोरडा वाटेल. ग्रंथालयांची ऑनलाइन सेवा म्हटलं की लोक जांभई देतात, मला माहीत आहे. पण मी गोष्ट एका तारखेपासून सुरू करतो. २४ मार्च २०२०. त्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद राहील असं त्यांनी जाहीर केलं. ते तुम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच तारखेला अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनं आपल्याकडची सुमारे १४ लाख स्कॅन केलेली पुस्तकं जगातल्या कुणालाही, नंबर न लावता, उसनी देणार असं जाहीर केलं. एकीकडे दारं लागत होती आणि दुसरीकडे कुणीतरी दार सताड उघडलं. ते उघडलेलं दार पुढं कोर्टात गेलं. तिथपर्यंत आपण शेवटाकडे येऊच.

आधी आपल्याकडे काय झालं ते बघू. विद्यापीठांची ग्रंथालयं त्या आठवड्यात बंद झाली. मुलं होस्टेल सोडून घरी गेली. कुणाच्या बॅगेत ग्रंथालयाची दोन पुस्तकं गेली, कुणाची टिपणं वाचनकक्षाच्या टेबलावरच राहिली. काही दिवसांत सगळीकडे एक वाक्य ऐकू यायला लागलं : 'काळजी करू नका, ग्रंथालय ऑनलाइन झालेलं आहे.' परिपत्रकात हे वाक्य, वेबसाइटवर हे वाक्य, वेबिनारमध्येही हेच. त्या काळात वेबिनार इतके झाले की प्रमाणपत्रांची एक वेगळी फाईल करावी लागली. (हशा)

मी त्या वेळी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातच काम करत होतो, त्यामुळे हे वाक्य मीही लिहिलेलं आहे. आज मला एवढंच सांगायचंय की ते वाक्य पूर्ण खरं नव्हतं. ग्रंथालयानं जे ऑनलाइन दिलं त्यातलं बरंचसं ग्रंथालयाच्या मालकीचं नव्हतं. आणि जे खरोखर मालकीचं होतं, कपाटांतली पुस्तकं, ते ऑनलाइन देताच येत नव्हतं. हे असं का, ते जरा उलगडून बघू.

पहिली गोष्ट दाराची. विद्यापीठ लाखो रुपये मोजून परदेशी नियतकालिकांची वर्गणी भरतं. आता प्रकाशकाच्या वेबसाइटला कसं कळणार की वाचणारा माणूस त्याच विद्यापीठाचा आहे? जुनी आणि सोपी पद्धत अशी की विद्यापीठाच्या इंटरनेटला एक ठरावीक आकड्यांचा पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. त्या पत्त्यावरून विनंती आली की वेबसाइट म्हणते, या. तुम्ही कोण, तुमचं नाव काय, हे ती विचारतच नाही. म्हणजे सोसायटीचा वॉचमन माणसाला ओळखत नाही, फक्त गाडीवरचं स्टिकर बघतो, तसं. तुम्ही त्याच सोसायटीत वीस वर्षं राहत असाल, पण पाहुण्याच्या गाडीतून आलात तर गेटवर थांबा.

मार्च २०२० मध्ये नेमकं हेच झालं. प्राध्यापक घरी, विद्यार्थी गावी, आणि विद्यापीठाचं स्टिकर आवारातच राहिलं. वर्गणी भरलेली होती, वाचकही हक्काचा होता, पण पत्ता चुकीचा. यावर उपाय होते. एक म्हणजे प्रॉक्सी सर्व्हर : तुमची विनंती आधी विद्यापीठाकडे जाते आणि तिथून विद्यापीठाच्या पत्त्यानं पुढं जाते. दुसरा व्हीपीएन, त्याचंही तत्त्व तसंच. तिसरा जास्त शहाणपणाचा, तो म्हणजे वाचकाची ओळख विद्यापीठानं द्यायची आणि प्रकाशकानं ती मान्य करायची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'इन्फेड' नावाची व्यवस्था याच प्रकारची. हे सगळं टाळेबंदीच्या आधीपासून उपलब्ध होतं. पण 'मुलं आवारातच असतात, कशाला लागतंय' असं म्हणून अनेक ठिकाणी ते मनावर घेतलेलं नव्हतं. मग एप्रिलमध्ये धावपळ. विद्यार्थ्यांच्या याद्या मिळवायच्या, त्यांचे ईमेल गोळा करायचे, खाती उघडायची, पासवर्ड पाठवायचे, आणि 'सर, पासवर्ड चालत नाही' असे फोन घ्यायचे. रात्री दहालासुद्धा.

यातली एक गंमत सांगतो. छोट्या महाविद्यालयांसाठी २०१० पासून एन-लिस्ट नावाची योजना चालू आहे. महाविद्यालयानं वर्षाला काही हजार रुपये भरायचे आणि सहा हजारांहून जास्त नियतकालिकं आणि भरपूर ई-पुस्तकं वापरायची. त्या योजनेत पहिल्यापासूनच प्रत्येक वाचकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड मिळतो. कारण साधं होतं, तालुक्याच्या कॉलेजला ठरावीक आयपी पत्ता कुठून असणार! म्हणजे ज्यांच्याकडे साधनं कमी, त्यांच्यासाठी केलेली सोय घरबसल्या चालणारी निघाली, आणि मोठ्या आवारातला सरंजाम गेटपाशी अडकला. पण एन-लिस्टचे पासवर्ड बऱ्याच कॉलेजांत मुलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, ते नॅकच्या अहवालात होते. हे मी आमच्या सगळ्यांच्या वतीनंच बोलतोय, कुणा एकावर ठपका नाही.

दार उघडलं तरी आत जायला पाय पाहिजेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यानुसार ग्रामीण भारतातल्या शंभरांतल्या साडेचारसुद्धा घरांत संगणक नव्हता. नेमका आकडा ४.४ टक्के. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांत, शहरांत ४२ टक्के. हे टाळेबंदीच्या दोन वर्षं आधीचं चित्र. म्हणजे आम्ही ज्याला ई-संसाधन म्हणत होतो ते बहुतेक मुलांसाठी पाच-सहा इंचांच्या पडद्यावरची पीडीएफ होती. शोधनिबंध दोन स्तंभांत छापलेला असतो. मोबाइलवर तो वाचायचा म्हणजे डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, मोठं करा, ओळ हरवली, परत वर जा. एकदा करून बघा, म्हणजे 'विद्यार्थी वाचत नाहीत' हे म्हणणं जरा जपून निघेल तोंडातून.

बरं. आता मुख्य मुद्द्याकडे, मालकीकडे.

ग्रंथालय छापील पुस्तक विकत घेतं, दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि ते ग्रंथालयाचं होतं. मग ते शंभर जणांना दिलं तरी प्रकाशकाला विचारावं लागत नाही. हा उपकार नाही, तो कायदा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला प्रती प्रसारात आणण्याचा हक्क दिलेला आहे, पण तो आधीच प्रसारात आलेल्या प्रतींना लागू होत नाही. एकदा विकलं की त्या प्रतीवरचा ताबा संपला. जगभरातली ग्रंथालयं या एका खुंटीवर उभी आहेत.

ई-पुस्तकाचं तसं नसतं. ग्रंथालय बहुतेक वेळा पुस्तक घेतच नाही, ते वाचायचा परवाना घेतं. परवान्यात लिहिलेलं असतं की एका वेळी किती जणांनी वाचायचं, किती पानं छापायची, किती वर्षं. मुदत संपली की पुस्तक जातं. कपाट रिकामं झालेलं दिसतसुद्धा नाही, फक्त दुवा चालेनासा होतो. घर विकत घेणं आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणं, एवढा हा फरक आहे. आणि मालक भाडं वाढवू शकतो. ब्रिटनमध्ये २०२० च्या शरद ऋतूत ग्रंथपालांनी 'ईबुक एसओएस' नावाची मोहीम काढली, ती याच कारणानं. विद्यार्थी दुकानात ज्या किमतीला पुस्तक घेतो त्याच्या कितीतरी पट किंमत ग्रंथालयाच्या ई-परवान्याला. आणि पुष्कळ पाठ्यपुस्तकं अशी, की ग्रंथालयाला ती ई-रूपात विकायला प्रकाशक तयारच नाही.

उदारपणाही झाला, ते नाकारून चालणार नाही. जेस्टोरनं घरून खातं उघडणाऱ्या कुणालाही महिन्याला सहा लेखांच्या जागी शंभर लेख वाचू दिले. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसनं मार्चमध्ये सातशेच्या वर पाठ्यपुस्तकं मोफत खुली केली. आणि थोड्याच दिवसांत ती सोय थांबवली, कारण वेबसाइटवर झुंबड उडाली आणि गैरवापर होतोय असं त्यांचं म्हणणं पडलं. मी केंब्रिजला दोष देत नाही. पण यातून काय दिसतं ते बघा. दुसऱ्यानं उघडलेलं दार दुसराच बंद करतो. ग्रंथपालाच्या हातात काय राहतं? 'ही सोय आता उपलब्ध नाही' असा मेसेज पुढं पाठवणं.

मग स्वतःच्या कपाटातलं पुस्तक घरी बसलेल्या वाचकाला द्यायचा काही मार्ग होता का? अमेरिकेत दोन प्रयोग झाले. ते शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

पहिला हाथीट्रस्टचा. नाव आपल्याच हत्तीवरून आलेलं आहे बरं का. हत्ती विसरत नाही, म्हणून. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठ ग्रंथालयांनी आपल्या स्कॅन केलेल्या पुस्तकांचं हे सामाईक कोठार उभं केलं. त्यातली बरीच स्कॅनिंग गूगलनं केलेली. २०२० पर्यंत कोठारात १ कोटी ७० लाखांच्या वर खंड जमले होते. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त खंडांवर कॉपीराइट. ते एरवी कुणाला उघडून वाचता येत नव्हते. एखादा शब्द कोणत्या पानावर आहे एवढंच शोधता यायचं.

३१ मार्च २०२० ला त्यांनी आणीबाणीची तात्पुरती सेवा सुरू केली. नियम असे. ग्रंथालय सदस्य असावं आणि महामारीमुळं बंद पडलेलं असावं. त्यानं आपल्या छापील पुस्तकांची यादी द्यायची. यादीतलं जे पुस्तक कोठारात असेल, ते त्याच विद्यापीठाच्या वाचकांना पडद्यावर वाचता येईल. कपाटात दोन प्रती असतील तर एका वेळी दोघांनाच. एका तासासाठी पुस्तक मिळणार, मागं कुणी वाट बघत नसेल तर मुदत आपोआप वाढणार. पीडीएफ उतरवून घेता येणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची अट : पडद्यावर जे दिलं ते कपाटातून द्यायचं नाही. म्हणजे एक प्रत, एक वाचक, हा जुन्या देवघेवीचा हिशोब त्यांनी मोडला नाही. फक्त देवघेवीचा काउंटर हलवला.

याची बोचरी बाजू ग्रंथालयं उघडताना दिसली. पुस्तकं परत छापील रूपात द्यायला सुरुवात करायची तर ही सेवा बंद करावी लागे. एखाद्या संशोधकाला घरबसल्या लाखो खंड मिळत होते, आणि ग्रंथालय उघडलं या आनंदाच्या बातमीनंच ते गेले!

दुसरा प्रयोग सुरुवातीला सांगितला तो, इंटरनेट आर्काइव्हचा. ही संस्था आधीही पुस्तकं उसनी द्यायची, पण एका छापील प्रतीमागं एकाच वाचकाला. २४ मार्चला त्यांनी ही रांग काढून टाकली आणि त्याला 'नॅशनल इमर्जन्सी लायब्ररी' असं नाव दिलं. कोणत्या विद्यापीठाचा वाचक, किती प्रती, काही प्रश्न नाही. १ जून २०२० ला हॅशेट, हार्परकॉलिन्स, पेंग्विन रँडम हाउस आणि वाइली या चार प्रकाशकांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला, १२७ पुस्तकांवरून. आर्काइव्हनं ठरलेल्या ३० जूनऐवजी १६ जूनलाच ती मोकळीक बंद केली. पण दावा फक्त त्या तीन महिन्यांपुरता नव्हता, तो स्कॅन करून उसनं देण्याच्या मूळ पद्धतीवरच होता. निकाल आला २४ मार्च २०२३ ला, बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला. आर्काइव्ह हरलं. ४ सप्टेंबर २०२४ ला अपिलातही हरलं. पाच लाखांहून जास्त पुस्तकं त्यांना उसनवारीतून काढावी लागली.

मला विचाराल तर आर्काइव्हचा हेतू चांगला होता आणि हिशोब वाईट. लेखकही त्या काळात घरीच बसलेले होते, त्यांचंही उत्पन्न आटलेलं होतं, हे विसरून चालत नाही. पण त्या एका घाईच्या निर्णयामुळं एक प्रत, एक वाचक ही सावध पद्धतसुद्धा न्यायालयाच्या तोंडी दिली गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं. हाथीट्रस्टनं मोजून दिलं, दाखवून दिलं, आणि त्यांची सेवा निभावली.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आम्हाला काय? संबंध आहे. मराठीत एम. ए. करणाऱ्या मुलीचं उदाहरण घ्या. टाळेबंदीत ती गावी आहे. आम्ही तिला हजारो इंग्रजी नियतकालिकांचा पासवर्ड पाठवला. तिला हवी आहे १९७० च्या दशकातली एक मराठी कादंबरी आणि तिच्यावरचं समीक्षेचं पुस्तक. दोन्ही आमच्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. बाजारात नाहीत, नवी आवृत्ती नाही, ई-पुस्तक तर नाहीच. प्रकाशकाकडे परवाना मागायचा, तर तो परवाना अस्तित्वातच नाही.

तिला मिळण्यासारखं काही होतं, नाही असं नाही. शोधगंगेवर पीएच. डी.चे प्रबंध होते, मराठीतलेसुद्धा. मराठी विश्वकोश ऑनलाइन होता. साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली पुस्तकं मोफत ठेवलेली होती. आणि जुनी पुस्तकं होती. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांचं. डॉ. आंबेडकरांचं २०१७ पासून. पण पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत थांबा. त्यामुळं जुनं मिळतं, अगदी नवं विकत मिळतं, आणि मधल्या साठ-सत्तर वर्षांचं मराठी वाङ्मय फक्त ग्रंथालयांच्या कपाटांत असतं. कपाटाला कुलूप लागलं की ते नसल्यात जमा. आणि जुनी स्कॅन केलेली मराठी पुस्तकं तरी आपण कुठं शोधतो? 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेल्या लाखो पुस्तकांच्या प्रती आज त्या इंटरनेट आर्काइव्हवरच सापडतात. हा झाला अमेरिकेचा संबंध.

कायदा आपल्याला काय करू देतो? २०१२ च्या दुरुस्तीनं ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत जवळ असेल तर, जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवायची मुभा दिली. जतनासाठी, हा शब्द महत्त्वाचा. घरी बसलेल्या वाचकाला पाठवायचं असं त्यात म्हटलेलं नाही. दुसरीकडे, शिकवण्याच्या ओघात शिक्षक आणि विद्यार्थी मजकुराची प्रत काढू शकतात. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हे चांगलं व्यापक अर्थानं मान्य केलं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस समोर होते, पुढं त्यांनी दावा मागे घेतला. म्हणजे नेमलेल्या पुस्तकातली प्रकरणं स्कॅन करून वर्गाला पाठवायला आम्हाला बऱ्यापैकी आधार होता. आम्ही किती वापरला? फारसा नाही. भीती होती, लेखी सूचना नव्हती, आणि स्कॅनर ग्रंथालयात कुलपाआड होता. त्या पोकळीत टेलिग्रामचे ग्रुप आले. शोधनिबंधांसाठी मुलं साय-हबवर जात होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये तीन प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात साय-हब आणि लिबजेनवर दावा लावला. ग्रंथालयानं रीतसर दार उघडलं नाही की वाचक थांबत नाही, तो मागच्या गल्लीनं जातो.

रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. त्यांचे पाच नियम १९३१ चे, पहिला म्हणजे पुस्तकं वापरासाठी असतात. तो समजावताना ते युरोपातल्या साखळदंडानं बांधलेल्या पुस्तकांची आठवण काढतात. आम्ही शाळकरी मुलांसारखा हा नियम पाठ करून नोकरीला लागलो. आयपी पत्ता हीसुद्धा एक साखळीच आहे, हे आम्हाला कळायला मार्च २०२० उजाडावा लागला.

थांबतो. प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्याचा प्रश्न : आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलंय. मग हा प्रश्न सुटला नाही का?)

थोडा सुटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ती योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त संस्था. चांगली गोष्ट आहे, एकेकट्या विद्यापीठानं घासाघीस करण्यापेक्षा देशानं एकत्र केलेली बरी. पण तीन गोष्टी लक्षात घ्या. ती सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. ती नियतकालिकांची आहे, माझ्या त्या मराठीच्या विद्यार्थिनीच्या कादंबरीची नाही. आणि ती वर्गणी आहे, म्हणजे भाडंच. करार संपल्यावर आधीच्या वर्षांचे अंक आपल्याकडे राहणार का, हे करार करतानाच विचारायचं असतं, नंतर नाही.

(आणखी एक प्रश्न : आमचं तालुक्याचं कॉलेज आहे. आम्ही काय करू शकतो?)

मोठं काही नको. एन-लिस्टचे पासवर्ड या महिन्यात मुलांना द्या आणि प्रत्येकाला एकदा स्वतःच्या मोबाइलवरून उघडायला लावा, तुमच्यासमोर. मग तुमच्या कपाटांतली १९६० च्या आधीची मराठी पुस्तकं बाहेर काढा आणि लेखक कधी गेले ते लिहा. ज्यांची साठ वर्षं झाली आहेत ती स्कॅन करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. उरलेल्यांत जी आता बाजारात मिळतच नाहीत त्यांची वेगळी यादी करा. लेखकांचे वारस पुष्कळदा आपल्याच जिल्ह्यात असतात. आम्ही उशिरा का होईना चार घरी पत्रं पाठवली होती. दोन ठिकाणांहून 'खुशाल स्कॅन करा' असं उत्तर आलं, एका घरून चहाला बोलावणं आलं, आणि चौथ्या घरी वडिलांच्या पुस्तकाची प्रतच उरली नव्हती. त्यांनी आमच्याकडेच ती मागितली.